दोन विती डावीकडे

आमच्या कागेउरात परका माणूस उतरायचा
तो वाळवलेली माखली घ्यायला,
नाहीतर कुणाच्या मयताला.
आता शनिवारी साडेदहाच्या एका डब्याच्या गाडीतून
पोरंच पोरं उतरतात.
फोन डोळ्यांसमोर धरून चालतात.
फोनात गाव, फोनापलीकडे गाव,
दोन्हींच्या कडा जुळल्या की श्वास रोखतात
आणि क्लिक.

माझं दुकान त्यांना पाठ आहे.
गळ, सुतळी, मेणबत्त्या, काडेपेट्या,
आणि दारातली पोस्टाची पेटी.
चौथ्या भागात ती मुलगी पेटीपाशी थांबते म्हणे,
पत्र टाकत नाही, परत फिरते.

मीही पाहिला तो भाग. पुतण्याने लावून दिला.
आभाळ इतकं निळं!
आमचं आभाळ फेब्रुवारीत
भांडी विसळलेल्या पाण्यासारखं असतं.
मोरितानींच्या सलूनचा खांब गरगर फिरतोय,
मोरितानी जाऊन सहा वर्षं झाली.
पण माझ्या भिंतीवरचा ओलीचा डाग
जसाच्या तसा.
चित्रकाराला तेवढा सोडवला नाही.

आणि डागाखाली सायकल.
मागे माशांचा निळा क्रेट, सुतळीने बांधलेला,
हँडलला टॉवेल.
दोन सेकंद.

माझ्या तेत्सुहेईची ती.
त्या ऑक्टोबरात तिघं-चौघं येऊन फोटो काढून गेली होती,
त्याने त्यांना संत्री दिली, वर बंदराचा इतिहास ऐकवला.
पुढच्या ऑक्टोबरात तो नव्हता.

पोरं विचारायची, आजी, ती सायकल कुठे आहे?
मी सांगायची, भंगारात गेली.
होती मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली.

यंदा मार्चमध्ये काय मनात आलं कोण जाणे,
बाहेर काढली.
साखळीला तेल घातलं,
बर्फाच्या कारखान्यातल्या पोराकडून हवा भरून घेतली,
आणि भिंतीला लावून ठेवली.

दुपारी चिगुसा नावाची मुलगी आली.
रात्रपाळी संपवून थेट, पायात इस्पितळातले पांढरे बूट.
फोन पाहिला, भिंत पाहिली, पुन्हा फोन.
मग कमरेत वाकून म्हणाली,
माफ करा आजी,
सायकल जराशी डावीकडे हवी.
आणि हाताने दाखवलं:
दोन विती.

डोकंच फिरलं माझं.
अठ्ठेचाळीस वर्षं माझा नवरा
ही सायकल इथे लावत आला,
आणि ही कालची पोर मला शिकवते?

तरी पाहिलं.
दोन विती डावीकडे, कमरेच्या उंचीला,
भिंतीत एक खोबण.
घासून घासून गुळगुळीत,
हँडलच्या रबराने काळी पडलेली.

अठ्ठेचाळीस वर्षं मी गल्ल्यामागे बसून होते.
दार पाहिलं. गिऱ्हाईक पाहिलं.
बाहेरून आपली भिंत
कोण बघतं?

दोघींनी मिळून सायकल सरकवली.
हँडल खोबणीत बसलं:
ठक्.

तो आवाज मात्र मला पाठ होता.
तो झाला की मी चहाचं पाणी ठेवायची.
आत्ताही पाय स्वयंपाकघराकडे वळले,
दोन पावलं गेलेसुद्धा.

चिगुसा तोवर रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली,
एक डोळा मिटून.
थोडं बाजूला व्हाल का, म्हणाली,
फार संकोचून.
चित्रात मी नाही ना.

मी आत गेले, माझ्या जागेवर बसले.
त्या दोन सेकंदांतही
मी इथेच बसलेली असणार.

क्लिक ऐकू आलं नाही.
जरा वेळाने तीच दारात आली,
बूट बाहेर काढावेत की नको या विचारात अडखळली,
आणि म्हणाली,
आजी, एक सुतळीचा गुंडा द्या.
क्रेट बांधायचा राहिलाय.